ड्वेन ऑलमनसाठी एक संध्याकाळ: नागपुरात स्लाइड गिटारची मैफल कशी बसवायची

आधी तारीख ठरवा, कारण बाकी बरंच तिच्यावर अवलंबून आहे. ड्वेन ऑलमन, अमेरिकेतल्या ऑलमन ब्रदर्स बँडचा गिटारवादक, गेला २९ ऑक्टोबर १९७१ ला, जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरात, मोटारसायकलच्या अपघातात. पंचविसावा वाढदिवस बावीस दिवसांवर होता. चाहते साहजिकच २९ ऑक्टोबर धरतात, पण नागपुरात ही तारीख अडचणीची आहे. ती दिवाळीच्या आगेमागे येते. २०२७ साली तर त्याच दिवशी लक्ष्मीपूजन आहे. फटाक्यांपुढे अकूस्टिक गिटार कोणाला ऐकू येणार? शिवाय ऑक्टोबरचा उकाडा असतो, हॉलवाले कूलर लावून देतात, आणि कूलरच्या मोटरची घरघर गिटारच्या पिकअपमधून थेट अँपमध्ये उतरते. म्हणून २० नोव्हेंबर, म्हणजे त्याचा जन्मदिवस (१९४६, नॅशव्हिल) धरा. हवा थंड आणि कोरडी, मुलं सुट्टीवरून परतलेली, हॉल मोकळे. डिसेंबरवर ढकलू नका. विधिमंडळाचं अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्स ते सीताबर्डी रस्ते अडतात आणि पोलिस ठाण्यात तुमच्या अर्जाकडे बघायला कोणाला सवड नसते.

किती वाजवायचं

तीन रचना. जास्त नाही. बहुतेक आदरांजल्या फसतात त्या इथेच: बारा गाणी ठरतात, चार बसतात, उरलेली आठ रडतखडत होतात. ऑलमन ब्रदर्स बँडची मैफलीतली गाणी लांब आहेत. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या त्या दोन तबकड्यांच्या अल्बममध्ये सगळी मिळून सातच गाणी आहेत, आणि शेवटचं एकटं तेवीस मिनिटांचं. ते, म्हणजे ‘व्हिपिंग पोस्ट’, पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. त्याची सुरुवातीची धून अकरा मात्रांची आहे, तीन-तीन-तीन-दोन अशी. तबल्यावर रुद्र ताल वाजवलेल्याला अकरा मात्रा नव्या नाहीत, पण ड्रमर आणि बास गिटारवाला दोघांनाही ती चाल अंगात मुरलेली लागते. गाणं सुरू होताच लय बदलते, आणि गायक तिथेच घसरतो.

त्याऐवजी हे तीन घ्या. पहिलं ‘स्टेट्सबोरो ब्लूज’: ब्लाइंड विली मॅकटेलची १९२८ ची रचना, ड्वेनच्या स्लाइडची (बोटात नळी घालून ती तारांवरून सरकवत वाजवण्याची) ओळख. दुसरं ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’: बँडचा दुसरा गिटारवादक डिकी बेट्सची, दोन गिटारींची, आणि मुख्य म्हणजे विनागाण्याची. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या उच्चारांची नक्कल करणारा गायक भल्याभल्या कार्यक्रमांचा विचका करतो, तो धोका इथे नाही. तिसरं ‘लिटल मार्था’: दोन अकूस्टिक गिटारी, दोन मिनिटांची रचना. एकट्या ड्वेनच्या नावावर असलेली बँडच्या तबकड्यांवरची ही एकच. ऑक्टोबर १९७१ मध्ये, म्हणजे जाण्याच्या काही आठवडे आधी, ती ध्वनिमुद्रित झाली. ज्यांच्याकडे ना ड्रमर ना अँप, त्यांनी फक्त ही वाजवली तरी संध्याकाळ सार्थकी लागते.

स्लाइड: बाटली

ड्वेन काचेची बाटली वापरायचा, कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्यांची, तळ बंद असलेली. ती तो अनामिकेत घालायचा. तशा बाटल्यांच्या नकला आता ऑनलाइन मिळतात. घरी शोधायची तर सरळ उभ्या भिंतीची, जाड काचेची, रुंद तोंडाची औषधाची बाटली बघा. तोंडाचा आतला व्यास १८ ते २० मिलिमीटर, लांबी ६० ते ७०. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या काचेच्या शिश्या नकोत. त्यांची भिंत फार पातळ असते, त्यामुळे आवाज किरकिरा येतो आणि जोरात आपटली तर बोटात काच जाते.

बाटली बोटात सैल असेल तर वाजवताना फिरते आणि सूर हलतो. आतून पातळ कापडी चिकटपट्टीचा एक वेढा द्या. बोट सगळं आत जायला नको. दुसऱ्या पेरापर्यंत बाटली आली की पुरे, नाहीतर बोट वाकत नाही.

बाटलीच्या मानेची नळी कापायची असेल तर काचवाल्याकडचं कटर आणा. मानेभोवती एकच रेघ मारा, त्याच रेघेवर दुसऱ्यांदा कटर फिरवू नका. दोनदा फिरवलं की काच वेडीवाकडी तडकते. मग रेघेवर वीसेक सेकंद उकळतं पाणी, लगेच तेवढाच वेळ गार पाणी, असं तीन-चार वेळा. मान सुटून येते. हातमोजे आणि चष्मा हवेच. कड घासायला वॉटर पेपर: १२०, मग २२०, ४००, शेवटी ६०० नंबर, आणि प्रत्येक वेळी पाण्यात बुडवून. कोरडं घासलंत तर काचेची भुकटी नाकात जाते.

पितळी आणि लोखंडी स्लाइडही असतात. लिटल फीट बँडचा लोवेल जॉर्ज तर पान्याच्या सेटमधला ११/१६ इंची सॉकेट वापरायचा. तो जड असतो, सूर लांबतो, पण आवाज धारदार येतो आणि नवशिक्याच्या हातून फ्रेटवर ओरखडे पडतात. ड्वेनसाठी काचच घ्या.

स्लाइड: सूर लावणं

ड्वेनचं बहुतेक स्लाइडकाम ओपन ई मध्ये आहे. जाड तारेपासून बारीक तारेकडे: ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. आपल्या भाषेत सा प सा ग प सा, ग शुद्ध. नेहमीच्या ट्यूनिंगवरून इथे यायला तीनच तारा हलवायच्या. पाचवी ए वरून बी, चौथी डी वरून ई, तिसरी जी वरून जी शार्प. पाचवी आणि चौथी पूर्ण स्वराने चढतात, तिसरी अर्ध्याने. सहावी, दुसरी आणि पहिली जागच्या जागी.

तीन तारा चढल्या की नेक किंचित पुढे वाकते आणि न हलवलेल्या तारा उतरतात. म्हणून एकदा लावून थांबू नका. पाचवी, चौथी, तिसरी लावा, मग सहावी तपासा, मग सगळ्या पुन्हा. तिसऱ्या फेरीला गिटार स्थिरावते. ज्या गिटारीला स्प्रिंगवर तरंगणारा पूल (ब्रिज, तारा अडकतात तो भाग) आहे, तिच्यावर हे काम संपतच नाही. एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात. अशी गिटार या संध्याकाळी घरी ठेवा, किंवा पुलामागे लाकडाची चीप घट्ट बसवून तो अडवा.

अकूस्टिकवर ताण आणखी वाढतो. बारा नंबरच्या, म्हणजे जाड, तारा आणि ओपन ई हे समीकरण स्वस्त गिटारीचा पूल उचकटून काढू शकतं. त्यावर तोड सोपी: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी असं ओपन डी लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा). आवाज तोच, ताण कमी. ‘लिटल मार्था’ला दोन्ही गिटारी अशाच लावा, एक खरी ओपन ई आणि दुसरी कॅपोची असं करू नका. कॅपोचा दाब थोडा जरी कमीजास्त झाला तरी दोघींमधला फरक लगेच कानाला टोचतो.

तारांची उंची. बोटांनी वाजवायला बाराव्या फ्रेटवर पहिली तार दीड-पावणेदोन मिलिमीटर वर असते. स्लाइडला अडीच ते तीन हवी. दुसरी गिटार उसनी मिळत असेल तर एक फक्त स्लाइडसाठी ठेवा आणि तिला अकरा नंबरच्या तारा घाला. ड्वेनकडेही नंतर स्लाइडसाठी वेगळी एसजी होती. एकच गिटार असेल तर दोन मिलिमीटरवर तडजोड करा आणि हात हलका ठेवा.

स्लाइड: हात

फ्रेटच्या मागे नव्हे, बरोबर त्या धातूच्या पट्टीच्या डोक्यावर बाटली आली पाहिजे. नेहमीची गिटार वाजवणारे सवयीने मागे थांबतात आणि सगळंच उतरलेलं वाजतं. तारेला फक्त स्पर्श करायचा. दाबलंत की तार फ्रेटला लागते आणि खडखड होते. बाटली पट्टीला समांतर ठेवा. तिरकी झाली तर जाड तार सुरात आणि बारीक तार बेसूर, असा प्रकार होतो.

आता खरी गोष्ट. स्लाइडचा गोंगाट येतो तो बाटलीच्या मागून, म्हणजे बाटली आणि गिटारीचं डोकं यांच्यामधल्या तारेच्या तुकड्यातून. तो तुकडाही थरथरतो आणि आपला वेगळाच सूर काढतो. म्हणून तर्जनी आणि मधलं बोट बाटलीच्या मागे तारांवर नुसती टेकलेली हवीत. बाटली अनामिकेत घालायचं हेच कारण: मधल्या बोटात घातली तर मागे एकच बोट उरतं. उजव्या हातानेही हेच काम करायचं. ड्वेन स्लाइडला प्लेक्ट्रम वापरत नसे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने तार छेडायचा. ज्या तारेवर सूर नाही, तिच्यावर उजव्या हाताचं एक बोट पडून राहिलं पाहिजे. पहिले दोन आठवडे सूर काढण्याऐवजी नुसतं हे बंद करणं शिका. एक तार वाजवा आणि बाकी पाच गप्प आहेत का ऐका. हे जमलं नाही तर पुढचं काहीही जमलं तरी ड्वेनसारखं वाटणार नाही, नुसती कुरकुर होईल.

गाणं डी मध्ये वाजवायचं असेल तर ओपन ई मध्ये तुमचं घर दहाव्या फ्रेटवर. चौथा स्वर, जी, तिसऱ्या किंवा पंधराव्या फ्रेटवर. पाचवा, ए, पाचव्या किंवा सतराव्या फ्रेटवर. बारा बारच्या (एक बार म्हणजे चार मात्रा) ब्लूजला एवढा नकाशा पुरतो. मग घराभोवती फिरा. तिसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटवरून दहाव्यावर सावकाश या: कोमल ग वरून शुद्ध ग. ब्लूजचा जीव या दोन फ्रेटच्या मध्ये आहे, दोन्ही टोकांना नाही. पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर तेरावा फ्रेट धरा, तर कोमल ग आणि कोमल नि मिळतात.

मींड ऐकत वाढलेल्या कानाला हे परकं नाही. विचित्र वीणाही काचेच्या बट्ट्याने वाजते. फरक एवढाच की मींड संथ जाते आणि स्वरावर विसावते, तर ड्वेन अनेकदा स्वराला खालून धडक देऊन लगेच कंपन सुरू करतो. हे कंपन फ्रेटच्या दोन्ही बाजूंना सारखं हवं, मनगटातून, कोपरातून नव्हे. फक्त वरच्या बाजूला हलवलंत तर सूर चढा लागतो.

दोन गिटारी

‘एलिझाबेथ रीड’चा पाया ए डोरियन आहे. सरगमवाल्यांना सांगायचं तर ए ला सा धरून काफी थाट: ग आणि नि कोमल, बाकी शुद्ध. जोडीच्या धुनांसाठी दुसरी गिटार तिसऱ्या स्वराच्या अंतराने वरून जाते. पहिला सा वाजवेल तेव्हा दुसरा कोमल ग, रे ला म, कोमल ग ला प, म ला ध, प ला कोमल नि, ध ला वरचा सा. हे दोघांनी गिटारी हातात घेण्याआधी तोंडाने गाऊन बसवा. गाता आलं नाही तर वाजवता येणार नाही.

बिघडतं ते स्वरांमुळे नाही, शेवटांमुळे. एकजण सूर लांबवतो, दुसरा तोडतो. एकजण कंपन देतो, दुसरा सरळ ठेवतो. त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी काय करायचं ते कागदावर लिहा: किती मात्रा धरायचा, कंपन आहे की नाही, कोण मान हलवून थांबायची खूण करणार. तार ओढून काढलेले स्वर जोडीत शक्यतो टाळा, कारण दोघांची ओढ क्वचितच सारखी जाते.

अँपचं सांगायचं तर शंभर माणसांच्या हॉलला पंधरा वॅटचा ट्यूब अँप भरपूर. ड्वेन पन्नास वॅटचे मार्शल हेड वापरायचा, पण ती थिएटरं मोठी होती. आवाज फाडणारा डिस्टॉर्शनचा पेडल लावून सारवासारव करू नका. गेन थोडाच, मिडल वर, बास कमी. दोन्ही गिटारींना सारखाच आवाज ठेवला तर एकमेकींत बुडतात, म्हणून एकीला थोडी कोरडी आणि दुसरीला थोडी जाड ठेवा.

बाकीचे वादक

मूळ बँडला दोन ड्रमर होते, बुच ट्रक्स आणि जेमो. हे ऐकून उत्साहाने दोन ड्रमसेट आणणाऱ्यांनी आधी हॉल बघावा. फरशीच्या हॉलमध्ये दोन सेट म्हणजे नुसता गदारोळ. एक सेट ठेवा, दुसऱ्याला काँगो द्या. काँगो नसतील तर ढोलक चालेल, पण त्यावर कव्वालीचे ठेके नकोत. फक्त मात्रांच्या मधल्या जागा भरायच्या. कोणी काय करायचं हे ठरलेलं असू द्या: सेटवाला लय धरेल, दुसरा तिच्याशी बोलेल. दोघेही बोलू लागले की गिटारवाल्याला पहिली मात्रा सापडत नाही.

ऑर्गनसाठी की-बोर्डवर ड्रॉबार ऑर्गन निवडा, पहिले तीन ड्रॉबार पूर्ण ओढा, बाकी बंद. फिरत्या स्पीकरचा परिणाम बहुतेक वेळ हळू, आणि गिटारीचा सोलो चढत गेला की जलद. बासवाल्याने बेरी ओकली ऐकावा. तो मूळ स्वरावर बसून राहत नाही, तिसरी गिटार असल्यासारखा फिरतो.

सहा तालमी धरा, प्रत्येकी दोन तासांच्या, आठवड्याला एक. पहिल्या दोन नुसत्या गिटारींच्या. ड्रमर तिसऱ्यापासून. शेवटची तालीम कार्यक्रमाच्या हॉलमध्ये किंवा तेवढ्याच खोलीत.

हॉल, वीज, परवानगी

हॉल बघायला जाल तेव्हा मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. शेपूट लांब आलं तर ‘लिटल मार्था’ तिथे मरेल. उपाय महाग नाही: बिछायत केंद्रातून सतरंज्या आणि गाद्या आणा, खुर्च्यांऐवजी लोकांना खाली बसवा, मागच्या भिंतीला जाड पडदा लावा. माणसं स्वतःच आवाज शोषतात, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये साउंड लावताना थोडा जास्त ठेवा.

धंतोली आणि रामदासपेठेत हॉल सोयीचे वाटतात, पण तिथे पावलापावलावर दवाखाने आहेत. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो आणि तिथे मर्यादा दिवसा ५० डेसिबल. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. रात्री म्हणजे दहा ते सकाळी सहा. बंद सभागृहाला दहानंतरची सूट नियमात आहे, पण खिडक्या उघड्या असलेल्या हॉलला ती धरू नका. लाउडस्पीकरसाठी त्या हद्दीतल्या पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पंधरा दिवस आधी, हॉलच्या पत्राची प्रत जोडून. मोठं सभागृह, वसंतराव देशपांडे किंवा सुरेश भट, या कार्यक्रमाला घेऊ नका. शंभर माणसं तिथे पाच-दहा रांगांत हरवून जातात आणि वाजवणाऱ्याचा धीर खचतो.

गच्चीवर करायचं असेल तर एक लक्षात ठेवा. नोव्हेंबरात सूर्य मावळला की पारा भराभर उतरतो, तारा गार होऊन आखडतात आणि सूर चढतो. वाजवण्याआधी गिटारी अर्धा तास बाहेर ठेवा, आणि प्रत्येक रचनेआधी ट्यूनरला जोडा.

हक्कांचा प्रश्न हॉलवाला विचारतोच. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ नुसार हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे संगीतरचना सादर केली तर तो भंग नाही. तिकीट लावलं, तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना घ्या. मूळ तबकडी वाजवून दाखवणं हा वेगळा विषय: ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात आणि १९७१ चं ध्वनिमुद्रण अजून संरक्षित आहे. सगळ्यात सोपा मार्ग, फुकट प्रवेश आणि फक्त जिवंत वादन.

वीज. साउंड आणि सगळे अँप एकाच बोर्डवरून घ्या, दिवे वेगळ्या फेजवरून. दोन ठिकाणाहून घेतलं की अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि सतत हम्म असा आवाज येतो. तो घालवायला कोणी प्लगची तिसरी पिन काढू लागला तर तिथेच थांबवा. गिटारीच्या तारांवर हात आणि ओठ माइकला, अशा वेळी अर्थिंग नसेल तर झटका बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. हम्म राहिली तर केबल बदला, दिव्यांचा डिमर बंद करून बघा, गिटारवाल्याला अँपपासून दोन पावलं दूर उभं करा.

साउंडवाल्याशी आधी बोला. लग्नाच्या सवयीने तो बास आणि एको वर ठेवतो. त्याला इतकंच सांगा: ‘भाऊ, एको पूर्ण बंद, माइकवर फक्त आवाज आणि ऑर्गन, गिटारीचा अँप माइकवर घेऊ नका.’ अकूस्टिकसाठी एक कंडेन्सर माइक, बाराव्या फ्रेटच्या समोर वीस-पंचवीस सेंटिमीटरवर. गिटारीच्या भोकासमोर ठेवला तर घूं घूं करतो आणि शिट्टी मारतो.

काय बोलायचं

निवेदन चार मिनिटांपलीकडे नको. नॅशव्हिलला जन्म, धाकटा भाऊ ग्रेग, मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत सेशनची कामं, १९६९ मध्ये बँड, १९७० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मायामीला एरिक क्लॅप्टनबरोबर ‘लैला’चं ध्वनिमुद्रण, १९७१ ला फिलमोर ईस्टचा अल्बम आणि त्याच वर्षी शेवट. एवढं पुरे. वर्षभराने, ११ नोव्हेंबर १९७२ ला, बासवादक बेरी ओकलीही मेकनमध्येच मोटारसायकल अपघातात गेला, आणि वय तेच, चोवीस. दोघे मेकनच्या रोझ हिल दफनभूमीत शेजारीशेजारी आहेत. ग्रेगलाही २०१७ साली तिथेच पुरलं. एलिझाबेथ रीड हे नावही डिकी बेट्सने याच दफनभूमीतल्या एका शिळेवरून उचललेलं. निवेदकाला हे एक वाक्य दिलं की दुसऱ्या रचनेची ओळख आपोआप होते.

एक दंतकथा मात्र सांगू नका: ड्वेन पीच फळांच्या ट्रकला धडकला आणि म्हणून पुढच्या अल्बमच्या नावात पीच आला. तो ट्रक लाकडं उचलणाऱ्या क्रेनचा होता, फळांचा नव्हता.

पोस्टरवर साउदर्न रॉक म्हटलं की काहीजण निळ्या फुलीवर तारे असलेला तो लाल झेंडा डकवतात. तो अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या बाजूचा झेंडा आहे. या बँडमध्ये जेमो हा कृष्णवर्णीय ड्रमर पहिल्यापासून होता, आणि तेही त्या काळच्या जॉर्जियात. दीक्षाभूमीच्या गावात तर तो झेंडा लावण्याचं काही कारणच नाही. पोस्टरवर काचेची बाटली काढा.

बाइक रॅलीची सूचना येईलच. अपघात कसा झाला ते आठवून ती सोडून द्या. स्टेजवर फोटो ठेवायचा असेल तर कोपऱ्यात, अँपपासून लांब. फुलांच्या हाराचं पाणी केबलवर गळू नये, आणि उदबत्तीचा धूर गायकाच्या घशात जाऊ नये.

त्या दिवशी

दोनला सामान, चारला साउंड, साडेपाचला तपासणी बंद. सहाला दारं. साडेसहाला निवेदन आणि ‘लिटल मार्था’, कारण लोक ताजे असतात तेव्हाच शांत ऐकतात. मग स्लाइड. मग मध्यंतर. नागपूर म्हटलं की मध्यंतरात तर्री पोहे आलेच, पण वादकांना ते शेवटी द्या. तर्रीचं तेल बोटांना लागलं की बाटली बोटातून सटकते आणि तारा एका रात्रीत काळ्या पडतात. मध्यंतरानंतर ‘एलिझाबेथ रीड’, सोलोंसकट पंधरा मिनिटं. सव्वानऊला आवरा, म्हणजे दहाच्या आत हॉल रिकामा होईल.

तारा तुटतात त्या बहुतेक वेळा चौथी आणि तिसरी, कारण ओपन ई ला त्या चढलेल्या असतात. प्रत्येकी दोन जादा ठेवा, एक तार कापायची पक्कड, आणि दुसरी बाटली. काच फुटली तर कार्यक्रम थांबायला नको.

रात्री गिटार पेटीत घालण्याआधी तारा नेहमीच्या ट्यूनिंगला उतरवा: तिसरी अर्ध्या स्वराने, चौथी आणि पाचवी पूर्ण स्वराने. ओपन ई मध्ये महिनोन्‌महिने ठेवलेल्या गिटारीची नेक वाकते आणि मग ट्रस रॉडला (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला) हात घालावा लागतो. बाटली साबणाने धुऊन, पुसून, रुमालात गुंडाळून वेगळ्या डबीत. पेटीत गिटारीबरोबर मोकळी टाकलीत तर पॉलिशवर ओरखडे पडतील.